पहिलं जुनं घड्याळ घ्यायचंय? एचएमटी बघा

दोनेक हजारांत चावीचं जुनं घड्याळ हवं असेल, तर परदेशी नावांमागे लागू नका. एचएमटीची 'जनता' किंवा 'पायलट' घ्या. सिटिझन या जपानी घड्याळ कंपनीच्या साहाय्याने 1961 मध्ये बंगळुरात सुरू झालेला हा कारखाना. त्याच्या घड्याळांची मशीन कोणताही जुना घड्याळजी डोळे मिटून उघडतो. सुटे भागही अजून मिळतात.

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार, कुठेही जा, आधी तबकडी बघा. भिंग सोबत न्याच. बाजारात रंगवलेल्या तबकड्यांचा सुळसुळाट आहे. भडक निळा, पोपटी, त्यावर मोठं चित्र दिसलं की समजा, ती नव्याने रंगवलेली. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा रेखीव असतात. रंगवलेल्यात शाई किंचित पसरते, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत. थोडी पिवळसर, डागाळलेली पण मूळ तबकडी मला चकाचक रंगवलेलीपेक्षा केव्हाही प्रिय.

मग चावी द्या. ती खरखर न करता फिरायला हवी. बाहेर ओढून काटे फिरवा, एकमेकांना घासत नाहीत ना बघा. मागचं झाकण उघडायला सांगा. आत गंज दिसला तर सरळ परत द्या. काचेवरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका, ती प्लास्टिकची असते, पॉलिश होते किंवा स्वस्तात बदलते.

सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे काढून ठेवा. आणि घड्याळ घालून भांडी घासू नका, पावसात तर नाहीच.