गावात होम सर्व्हर लावताय? लाईन, ऊन अन् बॅकअपच्या या चुका टाळा

होम सर्व्हर म्हणजे आपले फोटो अन् फाईली सांभाळायला घरीच चोवीस तास चालू ठेवलेला कॉम्प्युटर. जुना लॅपटॉप नाहीतर छोटा मिनी पीसी, त्यावर डेबियन (लिनक्स), डॉकर (ॲप चालवायचं सॉफ्टवेअर), फोटोसाठी इमिच, फाईलींसाठी नेक्स्टक्लाऊड, एवढं आजकाल गावातली पोरं व्हिडीओ बघून एका रविवारी लावतात आणि चांगलंच आहे ते. फक्त व्हिडीओवाल्याच्या घरी चोवीस तास लाईन असते अन् मे महिन्यात 45 डिग्री नसतं, त्यामुळे आपल्याकडे सर्व्हर कशाने मरतो ते त्यात येतच नाही.

सगळ्यात महागात पडते ती लाईन. लाईन जाते, येते, परत जाते, मधेच एक फेज गुल होतो, आणि डीपीवर न्यूट्रल सैल झाला तर 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्टेज घरात शिरतं. त्यात आधी अडॅप्टर जळतो, नशीब खराब असेल तर डिस्कही. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्याचं बटन बघा, बऱ्याच इन्व्हर्टरला इको आणि यूपीएस असे दोन मोड असतात. इकोमध्ये कमीजास्त व्होल्टेज बरंच तसंच पुढे जातं आणि बॅटरीवर यायलाही जास्त वेळ लागतो, पंख्याला काही होत नाही पण मिनी पीसी धाडकन बंद पडतो, म्हणून यूपीएस मोडच ठेवा. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात पार सुकते, तिथे पाणी टाकत जा. आणि मृगाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढाच, सोबत छतावरच्या अँटेनाकडून येणारी लॅन वायरसुद्धा काढा, ती लोक हमखास विसरतात आणि व्होल्टेजचा झटका (सर्ज) तिच्यातूनही येतो.

"लाईन आली की सुरू होईनच ना" असं धरून चालू नका. मिनी पीसीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती बहुतेक वेळा बंदच असते. लॅपटॉपला बॅटरीचा आधार आहे, पण बऱ्याच लॅपटॉपला ही सेटिंगच नसते, बॅटरी पूर्ण संपली की हाताने चालू करावा लागतो. चोवीस तास प्लगवर राहणार असेल तर चार्जिंग 60 ते 80 टक्क्यांवर अडवा, आपल्या उन्हात बॅटरी फुगते. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) वापरत असाल तर डेटाबेस एसडी कार्डवर ठेवू नका, पोस्टग्रेस (इमिचचा डेटाबेस) अचानक लाईन गेल्यावर सहसा सावरून घेतं पण कार्डच खराब झालं तर ते तरी काय करणार.

जागेचंही बघा. टिनाच्या खोलीत नको, कूलरच्या ओल्या हवेच्या झोतातही नको. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा 60 डिग्रीच्या आसपास असते, आणि खोलीच 42-43 वर असेल तर बंद डब्यातली डिस्क तिथे लवकर पोचते. दिवाळीनंतर ज्या खोलीत कापूस भरता त्या खोलीत तर अजिबात नको, फॅनमध्ये तंतू अडकतात, उंदीर वायर कुरतडतात, आणि कापसाशेजारी एक ठिणगीसुद्धा परवडत नाही.

बाहेरून सर्व्हर उघडत नाही म्हणून लोक पोर्ट फॉरवर्डिंगशी (राऊटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडण्याशी) झगडत बसतात. राऊटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटचा) आयपी 100.64 ते 100.127 मधला किंवा "10." ने सुरू होणारा दिसला तर तो बहुतेक कंपनीच्या सीजीनॅटमागे आहे, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, पोर्ट कितीही उघडा, काही होणार नाही. टेलस्केल (आपलीच मशीन एकमेकांना जोडणारं खासगी नेटवर्क) लावा आणि मोकळे व्हा, सुरक्षितही तेच.

आता बॅकअप. दोन डिस्क रेडमध्ये (दोन्हीवर एकच डेटा) लावल्या म्हणजे बॅकअप झाला हे डोक्यातून काढून टाका, फोटो चुकून डिलीट झाला तर दोन्हीकडून जातो, 300 व्होल्ट आले तरी दोन्ही जातात. दोन मशीनवरच्या फाईली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगचंही तेच. नियम जुनाच आहे, 3 प्रती, 2 वेगळ्या प्रकारच्या जागी, 1 घराबाहेर. ती घराबाहेरची प्रत नेटवरून पाठवायला जाऊ नका, रोज दीड जीबीच्या पॅकवर 500 जीबी जायला जवळपास 11 महिने लागतील. पहिली प्रत घरीच डिस्कवर काढा, तालुक्याला बहिणीकडे नेऊन ठेवा, महिन्या-दोन महिन्याने अदलाबदल करा. सिनेमे सोडून द्या, ते परत मिळतात, सातबाराही परत निघतो. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग परत मिळत नाही, त्याची प्रत आधी करा.

इमिचवाल्यांनी नुसतं फोटोंचं फोल्डर कॉपी करून थांबू नये, अल्बम अन् चेहऱ्यांची नावं डेटाबेसमध्ये असतात. इमिच रोज रात्री 2 वाजता डेटाबेसचा डंप (त्याची प्रत) स्वतःच काढतं, पण तो ठेवतं त्याच्याच बॅकअप्स फोल्डरमध्ये, म्हणजे बदललं नसेल तर फोटोंच्याच डिस्कवर, तेव्हा तो डंपही बाहेरच्या डिस्कवर गेला पाहिजे.

अजून एक चूक, ही पटकन लक्षात येत नाही. लाईन येऊन-जाऊन यूएसबी डिस्क माउंटच झालेली नसते, म्हणजे सिस्टीमला जोडलीच गेलेली नसते, पण बॅकअपची स्क्रिप्ट चालतेच, आणि सगळा माल मूळ डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये भरत जातो. मग एक दिवस मूळ डिस्क फुल, सर्व्हर ठप्प, आणि बॅकअप डिस्कवर कित्येक दिवसांचं काहीच नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख नंबर) वापरा, नोफेल टाका म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होतो, आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डिस्क माउंट आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबवा आणि टेलिग्रामवर मेसेज येऊ द्या.

रेस्टोर केल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नका. दुसऱ्या कोणत्याही मशीनवर, जुना पीसी चालेल, रेस्टिकमधून (पासवर्डचं कुलूप लावून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) एक महिना निवडून फोटो परत काढा, उघडून बघा, व्हिडीओ शेवटपर्यंत चालवून बघा. आणि रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो डेटा कोणीच उघडून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहा, सर्व्हरवरच्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये तेवढा ठेवून भागत नाही. कागद जमिनीच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि कुठे ठेवला ते घरातल्या अजून एका माणसाला दाखवून ठेवा.