वाल सोलताना बीसुद्धा बघून घ्या

मुलांना शाळेत 'बीजाची रचना' आली की आकृती पाठ करून घेण्याआधी बिरड्यासाठी भिजवलेले चार वाल बाजूला काढा. कोरडा वाल फोडायला जाऊ नका, नुसता तुकडा पडतो. रात्रभर भिजवलेलाच हवा.

वालाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. शेंगेत असताना बी तिथेच चिकटलेलं होतं. त्या रेघेच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. वाल कोरडा पुसून हलकेच दाबला तर तिथून पाण्याचा थेंब येतो. आता साल काढा. सालीचं काम राखणदाराचं, आतल्या भागाला इजा आणि कीड यांपासून जपायचं. आतली दोन दळं म्हणजे शिदोरी: स्टार्च नि प्रथिनं. (आपण खातो तीच!) दळं अलगद उघडली की एका दळाला चिकटलेला चिमुकला गर्भ दिसेल. त्याचं टोकदार टोक म्हणजे मूळ, दुसरीकडे दुमडलेली इवली पानं. भिंगातून शिराही दिसतात.

गर्भ असलेलं आणि नसलेलं अशी दोन दळं ओल्या कापसावर ठेवा. पहिलं बहुधा रुजतं, दुसरं कुजतं. पेरणीचं बियाणं निवडताना म्हणूनच फुटकं, किडकं आधी काढतात.