टिलव्याच्या रक्तात मलेरिया शोधताना

ठाण्यातल्या लॅबमध्ये 28 वर्षं मी माणसांचा मलेरिया पाहिला. निवृत्तीनंतर भाचीने ऐरोलीच्या खाडीवरल्या टिलव्याची (हा छोटा स्थलांतरी किनारपक्षी) रक्ताची स्लाइड आणली, तेव्हा सूक्ष्मदर्शकातल्या पहिल्याच फील्डला, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या भागाला, मी म्हणाले, "अगं, हा पक्षी जिवंत कसा?" प्रत्येक लाल पेशीत जांभळा डाग! तो परजीवी नव्हता, केंद्रक होतं. पक्ष्यांच्या लाल पेशी लांबट, केंद्रकासकट असतात. माणसांच्या रक्तावर बसलेला डोळा इथे आधी मोडावा लागतो.

पक्षी धरणं आपलं काम नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी असलेली, सरावलेली माणसंच पंखाच्या शिरेतून थेंब घेतात.

जाड स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा जाड थर, करूच नका. माणसात ती हुकमी, इथे पेशी फुटून नुसता केंद्रकांचा चिखल होतो. पातळ स्मिअर ओढा आणि लगेच वाळवा. खाडीवरल्या दमट हवेत ती रेंगाळली की पेशी बिघडतात. मी भाचीला बॅटरीवरचा छोटा पंखा दिलाय. त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवा. मग एक भाग गिम्सा (पेशी रंगवणारा रंग), नऊ भाग बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच 7.2, तासभर. स्लाइडवर नंबर पेन्सिलीनेच, शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

आता ऑइल इमर्शन, म्हणजे तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठं भिंग, किमान 100 फील्ड. केंद्रकाशेजारी सोनेरी-तपकिरी दाणे दिसले की थांबा. एकच परजीवी केंद्रकाला चंद्रकोरीसारखा कवेत घेऊन बसला असेल, तर बहुधा हिमोप्रोटियस, मलेरियाचा चुलतभाऊ. डासांऐवजी चिलटं आणि पिसांत राहणाऱ्या माश्या त्याला पसरवतात. त्याच रक्तात परजीवीच्या पिलांचा घोस, म्हणजे शायझॉन्ट, सापडला तर खरा प्लाझमोडियम, मलेरियाचा परजीवी. हिमोप्रोटियस रक्तात घोस धरत नाही. (1898 मध्ये कलकत्त्यात डॉक्टर रोनाल्ड रॉसने मलेरिया डासातून कसा पसरतो हे कोडं पक्ष्यांवरच सोडवलं होतं.) बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या पेशी) इथे केंद्रकवाले असतात, त्यांना परजीवी समजू नका. मी समजले होते, दोनदा.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत बहुतेक स्लाइडी कोऱ्याच निघतात. खारं पाणी आणि वारा, तिथे डास कमी, असं त्याचं एक कारण मानतात. पण परजीवी अगदी थोडे असले तर डोळ्याला चुकतात, म्हणून थेंबभर रक्त अल्कोहोलमध्ये पीसीआरसाठी (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) ठेवा. आणि सापडलाच, तर ऐरोलीच्या डासांवर खापर फोडू नका. संसर्ग महिनोन्‌महिने रक्तात राहतो, कुठल्या मुक्कामी लागला कोण जाणे. शेजारणीला एवढं सांगा, की हा मलेरिया माणसाला होत नाही.