हापूसच्या पेटीआधीचा फॉर्म

सासरी देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. बाग दीर बघतात. गिऱ्हाइकांच्या याद्या, मेल आणि वेबसाइटवरचा फॉर्म पुण्यातून मी सांभाळते, मॉटिक या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर. तुम्ही झोहो किंवा हबस्पॉट वापरत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, काम हेच.

सुरुवात फॉर्मपासून करा. पहिल्या वर्षी मी अकरा रकाने ठेवले होते; वाढदिवस, घरात माणसं किती, सगळं विचारलं. लोक अर्ध्यातून निघून जायचे. मग एका संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि प्रत्येक रकान्यापुढे लिहीत गेले: या उत्तरामुळे मी काय वेगळं करणार? वाढदिवसापुढे लिहायला काहीच नव्हतं. असे सहा रकाने गेले. उरले नाव, मोबाइल, मेलचा पत्ता, पिनकोड आणि पेटी कुठे हवी.

शेवटच्या रकान्यात यादीतून निवडायचं: पुणे, मुंबई-ठाणे किंवा इतर. उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न उघडतो. पुणेकराला विचारायचं, सकाळी घरी कुणी असतं का, कारण तिथे आमचा टेम्पो जातो. ‘इतर’ निवडणाऱ्याला विचारायचं, कच्चा आंबा चालेल का. कुरिअरच्या प्रवासात पिकलेलं फळ टिकत नाही, घरी गवताच्या अढीत पिकवावं लागतं. मुंबईकराला हे दोन्ही प्रश्न दिसतच नाहीत. मॉटिकमध्ये रकाना बनवताना तो आधीच्या रकान्याच्या ठरावीक उत्तराशी जोडता येतो.

मोबाइलच्या रकान्यावर वेळ घालवा, तो वाया जाणार नाही. एकच माणूस एकदा ९१ लावून, एकदा शून्य लावून, एकदा मधे जागा सोडून नंबर लिहितो आणि यादीत त्याची तीन माणसं होतात. नंबर साठवण्याआधी शेवटचे दहा आकडेच घ्यायला सांगा. एक आजी तीनदा प्रयत्न करून दमल्या आणि शेवटी त्यांनी फोन केला. त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी होता, त्या देवनागरी आकडे लिहीत होत्या आणि फॉर्म ‘नंबर चुकीचा’ म्हणत होता. मराठी लोकांसाठी फॉर्म करताय, तर देवनागरी आकडे चालायलाच हवेत.

बाकीचं पुढच्या भेटीत विचारा. ओळखीचं गिऱ्हाईक पुन्हा आलं की माहीत असलेला रकाना लपवायचा आणि त्या जागी नवा दाखवायचा: किती डझनाची पेटी, आमरसासाठी की कापून खायला. पण इथे एक धोका आहे. मेलमधल्या लिंकला त्या माणसाची ओळख चिकटलेली असते. काकूंनी तो मेल भाच्याला पाठवला, तर फॉर्म भाच्यालाच काकू समजतो आणि त्याची मागणी काकूंच्या नावावर चढते. म्हणून मागणीच्या फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल मी कधीच लपवत नाही, आपोआप भरूही देत नाही.

एक रकाना लोकांना न दिसणारा ठेवा: माणूस आला कुठून. पेटीवरच्या क्यूआर कोडच्या लिंकमध्ये ‘पेटी’ असा शब्द जोडला की तो या रकान्यात उतरतो. क्यूआर स्कॅन करणाऱ्यांत बरेच जण भेट म्हणून पेटी मिळालेले असतात. त्यांनी आमचा आंबा खाल्लेला आहे. अस्सल देवगड कसा ओळखावा हा मेल त्यांना कशाला? त्यांना सरळ भाव आणि पेटी कधी पोचेल ते कळवायचं.

आता याद्या. माझ्या तीन मुख्य आहेत: पाडव्याला पहिली पेटी देवापुढे ठेवणारे, अक्षय्य तृतीयेला घेणारे, आणि मे महिन्यात भाव उतरल्यावर आमरसासाठी जास्त घेणारे. हे गेल्या वर्षीच्या मागणीच्या तारखेवरून ठरतं. शिवाय पिनकोडवरून रोजची यादी निघते: टेम्पो ४११०३८ मध्ये जाणार असेल तर निरोप फक्त कोथरूडला, विमाननगरला नाही.

कुणाला पाठवायचं याइतकंच कुणाला वगळायचं तेही लिहा. एका पाडव्याला ‘शेवटच्या काही पेट्या’ असा मेल मी सगळ्यांना पाठवला, पैसे भरून बसलेल्यांनाही. आपली पेटी गेली की काय, या धास्तीने दिवसभर फोन येत राहिले. लोकांना उगीच घोर लावला याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून विक्रीच्या मेलच्या प्रत्येक यादीत ‘यंदा मागणी केलेली नाही’ ही अट असतेच. मॉटिकमधल्या याद्या सर्व्हरवर वेळ लावून ठेवलेल्या कामातून ताज्या होतात, म्हणून मेल सोडण्याआधी ते काम शेवटचं कधी चाललं ते बघा.

संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती माणसाने स्वतः, स्पष्टपणे द्यायला हवी, आणि ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. मी दोन चौकटी ठेवते: मागणीबद्दलचे निरोप एक, पुढच्या हंगामाची खबर दुसरी. टिक केल्याची तारीख आणि तेव्हाचं वाक्य दोन्ही साठवते.

फॉर्म मोहोर असतानाच लावा. मग घरातल्या तीन फोनवरून, तीन वेगळे पिनकोड टाकून भरा आणि प्रत्येकाला कुठला मेल येतो ते पाहा. त्यातला एक फोन सासूबाईंचा असू द्या, मराठी कीबोर्डवाला.