कंबरेचा घेर आणि सीआरपीचा अहवाल एकत्र कसा वाचावा

रक्ततपासणीच्या अनेक पॅकेजमध्ये हल्ली एचएस-सीआरपी (दाह वाढला की रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचे बारीक मोजमाप) ही चाचणी असते आणि तिचा आकडा ठळक छापून आला की घरात काळजी सुरू होते. पोटातल्या चरबीत धुमसणाऱ्या दाहाची खूण या आकड्यात असू शकते. मात्र आधी कंबर मोजावी आणि मगच अहवाल उघडावा.

सर्वांत खालच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून त्यांच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरावी, आणि सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, घेर वाचावा. पँटचे माप येथे कामाचे नाही, कारण पट्टा बहुधा पोटाच्या खालीच बसतो. दक्षिण आशियाई पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा मानतात. वजनाच्या काट्यावर विसंबणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे 2004 मधले उदाहरण आठवावे: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3 असूनही शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के भरली.

या चरबीचा रक्तातल्या आकड्याशी संबंध असा. सडपातळ माणसाच्या चरबीतही रोगप्रतिकारक पेशी असतात, पण त्या बहुतांशी शांतपणे साफसफाई करतात. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगून त्यांतील काही मरू लागल्या की रक्तातून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, येऊन मेलेल्या पेशीभोवती कडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. मॅक्रोफेजचे प्रमाण कृश उंदरांच्या चरबीत एकूण पेशींच्या 10 टक्क्यांहून कमी, तर अतिलठ्ठ उंदरांत 50 टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज 2003 मध्ये मांडला गेला. या पेशी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-6 ही दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. पहिले द्रव्य इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आतच अडवते. दुसरे यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी तयार करते. म्हणजे सीआरपी हा चरबीचा थेट पुरावा नव्हे, तर यकृताने दिलेला प्रतिसाद आहे.

आता अहवाल पाहावा, तोही आधी एकक तपासून, कारण काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात आणि 0.3 म्हणजे प्रत्यक्षात 3 मिलिग्रॅम प्रति लिटर असतात. लिटरच्या हिशेबात 1 पेक्षा कमी आकडा हृदयविकाराच्या दृष्टीने कमी जोखमीचा, 1 ते 3 मध्यम आणि 3 च्या वरचा अधिक जोखमीचा समजतात. 10 च्या वर गेल्यास चरबीला दोष देण्याआधी ताप, हिरड्यांची सूज, लघवीचा संसर्ग किंवा ताजी दुखापत शोधावी आणि बरे वाटल्यावर चाचणी पुन्हा करावी. एरवीही दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांची सरासरी अधिक भरवशाची असते. धूम्रपान आणि तोंडावाटे घेतलेली इस्ट्रोजेनयुक्त औषधे हा आकडा वाढवतात, तर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध तो कमी करते, म्हणून चालू औषधांची यादी अहवालाला जोडूनच डॉक्टरांकडे न्यावी.

घेर रेषेच्या वर आणि सीआरपी वारंवार 3 च्या आसपास असेल, तर उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा), ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि रक्तदाब एकत्र तपासावेत. सीआरपी उतरवण्यासाठी स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. तसे करणे म्हणजे धूर पुसून चूल तशीच ठेवणे. कडक उपासाच्या दिवसांत चाचणी टाळावी हे बरे: उंदरांत वजन झपाट्याने उतरताना सुटणाऱ्या मेदाम्लांमुळे चरबीतील मॅक्रोफेज सुरुवातीला वाढलेलेच आढळले, नंतर ते कमी झाले. आहार आणि नियमित चालण्याने वजन काही महिने स्थिर उतरले की त्याच लॅबमध्ये, त्याच एककात, कंबरेच्या नव्या मापासह चाचणी करून दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवावेत.