डिजिटल नेटला स्वतःचे जनरेटिंग मॅट्रिक्स देताय? या चुका टाळा

डिजिटल नेट म्हणजे इंटिग्रल काढण्यासाठी 0 ते 1 मध्ये मुद्दाम समान पसरवलेले पॉइंट, आणि जनरेटिंग मॅट्रिक्स म्हणजे ते पॉइंट ज्यावरून बनतात ते 0-1 चे तक्ते, दर डायमेन्शनला एक. सोबोलचे (अशाच एका प्रसिद्ध नेटचे) तयार आकडे सोडून स्वतःचे मॅट्रिक्स द्यायला गेलं की खरा त्रास हा, की चूक झाली तरी प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, 0 ते 1 मधले पॉइंट येतात आणि इंटिग्रलचं उत्तर मात्र कधीकधी साध्या माँटे कार्लोपेक्षाही (म्हणजे निव्वळ रँडम पॉइंटपेक्षाही) वाईट निघतं.

पहिला घोळ बिटच्या क्रमाचा. सहसा मॅट्रिक्सचा एकेक कॉलम एकेका पूर्णांकात भरलेला असतो, पण पहिली रो वरच्या बिटमध्ये की खालच्या, हे फाईलगणिक बदलतं. आयडेंटिटी मॅट्रिक्स असेल आणि वरचा बिट आधी असेल तर 32 बिटमध्ये कॉलम 2147483648, 1073741824 असे उतरत जातात. लायब्ररीला हे हवंय आणि तुम्ही 1, 2, 4, 8 दिलंत तर सगळे पॉइंट शून्याला चिकटून बसतात. स्क्रॅम्बलिंग (पॉइंटचे बिट रँडम ढवळणं) बंद करून या मॅट्रिक्सचे पहिले चार पॉइंट छापा, 0, 0.5, 0.25, 0.75 यायला पाहिजेत. ग्रे कोड (दर पावलाला एकच बिट बदलणारा क्रम) असेल तर शेवटचे दोन अदलाबदल होतात, ती चूक नाही, उगाच त्याच्या मागे लागू नका. आणि हो, 2147483648 साइन्ड 32 बिटमध्ये मावत नाही, निगेटिव्ह होतो, म्हणून अनसाइन्डच घ्या.

याहून छुपी चूक म्हणजे रो आणि कॉलमची अदलाबदल. सोबोलचे मॅट्रिक्स अप्पर ट्रँग्युलर असतात, कर्णावर सगळे 1, त्याखाली सगळे 0. ते उलटले की लोअर ट्रँग्युलर होतात पण इन्व्हर्टिबलच (व्यस्त मॅट्रिक्स असलेले) राहतात, त्यामुळे एकेक डायमेन्शन तपासलं तर सगळं झकास दिसतं, 2^m तुकड्यांत (m म्हणजे कॉलमची संख्या) बरोबर एकेक पॉइंट! पण आता प्रत्येक मॅट्रिक्सची पहिली रो सारखीच झाली, म्हणजे सगळ्या डायमेन्शनचा पहिला बिट एकच. कुठल्याही दोन डायमेन्शनचा प्लॉट काढा, पॉइंट फक्त कर्णावरच्या दोन चौकोनांत दिसतील, बाकीचे दोन रिकामे. लिनियर मॅट्रिक्स स्क्रॅम्बलनेही (मॅट्रिक्सला रँडम लोअर ट्रँग्युलर मॅट्रिक्सने डावीकडून गुणूनही) हे झाकलं जात नाही. एवढा एक प्लॉट तरी काढाच, हिस्टोग्रॅमवर विसंबू नका.

हायर ऑर्डर नेटसाठी (गुळगुळीत फंक्शनवर आणखी अचूक असणाऱ्या) इंटरलेसिंग, म्हणजे अनेक मॅट्रिक्सच्या रो आळीपाळीने एकात गुंफणं, करत असाल तर बिट मोजा, 20 रो आणि ऑर्डर 3 म्हणजे 60 बिट, आणि डबलमध्ये (64 बिटच्या दशांश प्रकारात) मावतात 53. जास्तीचे राउंड होऊन एखादा पॉइंट चक्क 1.0 होऊ शकतो, मग इन्व्हर्स नॉर्मलला (0 ते 1 चा आकडा नॉर्मल वितरणात नेणाऱ्या फंक्शनला) इन्फिनिटी.

कॉलम 10 असतील तर वेगळे पॉइंट 1024 पर्यंतच, पुढे मागू नका. 1000 पण नको, 2 चा घातच घ्या.

राहिला शून्याचा पॉइंट. इन्व्हर्स नॉर्मलमध्ये तो मायनस इन्फिनिटी देतो म्हणून बरेच जण पहिला पॉइंट टाकून देतात, तसं केलं की नेटची रचनाच मोडते, संख्याशास्त्रज्ञ आर्ट ओवेन यांनी 2020 मध्ये हे नीट दाखवलंय. पॉइंट राहू द्या, डिजिटल शिफ्ट लावा, म्हणजे दर डायमेन्शनला एक रँडम आकडा घेऊन तो सगळ्या पॉइंटना XOR करा.