सापडलेला खडा हिरा असू शकतो का, हे कसे तपासावे

सोलापूर परिसरात विहीर खोदताना किंवा सीनेच्या पात्रात चकाकणारा खडा मिळाला, तर तो बहुधा गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइट या खनिजांपैकी एखादा असतो. कारण इथला काळा पाषाण दख्खनचा बेसाल्ट आहे आणि हिरे प्रामुख्याने किंबर्लाइटसारख्या वेगळ्या खडकातून वर येतात, जसे आंध्रातील वज्रकरूर येथे. तरीही शंका असेल तर तपासणी नीट करावी. काचेवर ओरखडा उठला म्हणून हुरळून जाऊ नये, गारगोटीनेही तो उठतो. हातोडीचा घाव तर मुळीच घालू नये, कारण हिरा अतिशय कठीण असला तरी ठरावीक दिशांनी सहज दुभंगतो.

घरी करण्याजोगी सर्वांत भरवशाची चाचणी घनतेची. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर कोरडा खडा तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याला बांधलेला खडा, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवून धरावा. खड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकावेत, नाहीतर हिशेब चुकतो. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागावे: उत्तर 2.65 च्या आसपास आले तर ती गारगोटी समजावी, 3.52 च्या, म्हणजे हिऱ्याच्या घनतेच्या, जवळ आले तरच पुढे जावे. टोपाझ या रत्नाची घनताही जवळपास तेवढीच असते, म्हणून दहापट भिंगातून अष्टफलकी आकार, तेलकट झळाळी आणि पृष्ठभागावरचे त्रिकोणी खळगे शोधावेत. हे सारे जुळले, तर खडा विकण्यापूर्वी मुंबईतील रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा लेखी अहवाल घ्यावा.